कॅमेऱ्याला वळण लावताना

श्रीरामपूरला आमच्या माहेरी बैठकीच्या खोलीत आण्णांचा फोटो लावलेला आहे. पेन्शनच्या कागदांसाठी काढलेला. सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, नजर समोर, ओठ घट्ट मिटलेले. आण्णा असे कधी बसलेच नाहीत हो! बोलता बोलता हसायचे आणि हसता हसता मान वळवून शेजारच्याला साक्षीला घ्यायचे. तेराव्याचं आवरून आम्ही बसलो होतो, तेव्हा आईनं मला विचारलं, "तू पंचाहत्तरीला एवढे फोटो काढलेस. त्यांत एखादा हसरा नाही का गं?"

होते. चांगले चाळीस फोटो होते. डिसेंबर २०२२ मध्ये पंचाहत्तर दिव्यांनी आम्ही त्यांना ओवाळलं, तेव्हाचे. ताम्हन स्वच्छ आलं होतं, ताटाखालची रांगोळी स्वच्छ आली होती, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता येत होतं. आण्णांचा चेहरा मात्र प्रत्येक हसऱ्या फोटोत पुसल्यासारखा! स्थिर बसलेले होते तेवढ्याच फोटोंत ते नीट दिसत होते, पण ते आण्णा नव्हते. त्यानंतर चारच महिन्यांनी ते गेले.

कॅमेरा काही वाईट नव्हता. दिरांनी नवा घेतला म्हणून त्यांचा चार वर्षं वापरलेला आमच्याकडे आला होता. लेन्स काढता-घालता येणारा, पण पर्समध्ये मावेल एवढा. आम्ही तो आला तसा वापरत होतो, चकती 'ऑटो'वर ठेवून. चूक कुठं झाली ते शोधायचं म्हणून एका दुपारी मी त्यातला एक फोटो उघडला आणि माहितीचं बटण दाबलं. खाली एक आकडा दिसला : १/१५. त्या आकड्यानं मला जे शिकवलं, ते तुम्हांला सांगावं म्हणून हा लेख.

नळ, हंडा आणि आमटी

फोटो म्हणजे उजेड साठवणं. आपल्याकडे नळाला पाणी येतं तेव्हा हंडा भरायला दोन गोष्टी लागतात. तोटी किती उघडली आणि किती वेळ उघडी ठेवली. कॅमेऱ्यातही तसंच. लेन्सचं छिद्र ही तोटी. ते 'एफ' च्या आकड्यानं सांगतात, आणि गंमत अशी की आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. शटर म्हणजे वेळ. १/१५ म्हणजे सेकंदाचा पंधरावा भाग.

तिसरी गोष्ट आयएसओ. ऐन वेळी चार पाहुणे आले की आपण आमटीत पाणी घालून ती वाढवतो ना? तसा हा मिळालेला उजेड वाढवून घेण्याचा प्रकार. सगळ्यांना पुरतं, पण चव थोडी पातळ होते. म्हणजे फोटोत बारीक रवा सांडल्यासारखे ठिपके दिसतात.

आता 'ऑटो'नं काय केलं बघा. बैठकीत एक ट्यूब आणि निरांजनांचा उजेड. आमटी पातळ होऊ नये म्हणून त्यानं वेळ वाढवला. सेकंदाच्या पंधराव्या भागात ताम्हन हललं नाही, कॅलेंडर हललं नाही. पण हसणारा माणूस हललाच. लेन्सवर हात स्थिर ठेवण्याची सोय आहे असं लिहिलेलं असतं, मी त्याच भरवशावर होते. ती सोय आपल्या हाताचा कंप सावरते. समोरच्या माणसाचं हलणं ती थांबवू शकत नाही.

हे मी घरात सांगितलं तर हे म्हणाले, "ऑटोवरच असू दे. कंपनीनं विचार करूनच दिलेलं असतं." खरं आहे. कंपनीनं पुष्कळ विचार केला असेल. फक्त आमच्या बैठकीतल्या ट्यूबचा आणि आण्णांच्या मानेचा केला नव्हता. नव्या घरात सामान लावून मिळालं, तरी मिठाची बरणी आपण आपल्या हाताशी ओढून घेतोच की! कॅमेऱ्याचंही तेच करायचं.

हा कॅमेरा कोणता

मोठ्या कॅमेऱ्यांत लेन्सच्या मागं एक आरसा असतो. तो काढून टाकला की कॅमेरा पातळ आणि हलका होतो. म्हणून यांना मिररलेस म्हणतात. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या जपानी कंपन्यांनी २००८ साली मिळून यासाठी एक पद्धत जाहीर केली, आणि पॅनासॉनिकचा जी-१ त्याच वर्षी आला. पुढं सोनी, फुजी, कॅनन, निकॉन सगळेच आले. आता जुन्या बाजारात असे कॅमेरे पुष्कळ मिळतात, म्हणून ते आपल्यासारख्या घरांतही आले आहेत. नावं आणि मेनू वेगवेगळे, पण पुढं सांगते त्या सोयी बहुतेकांत आहेत.

आधी नको ते बंद करा

घर आवरताना आपण आधी अडगळ काढतो. मेनू उघडून पहिल्यांदा एवढं करा :

'बीप' आवाज बंद करा. मुलं आणि म्हातारी माणसं तो आवाज ऐकला की ताठ होतात. फोकस करताना समोर नारिंगी दिवा लागतो, तोही बंद करा. पडद्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी सुरू करा, म्हणजे फोटो तिरके येत नाहीत. तारीख आणि वेळ बरोबर लावा. दहा वर्षांनी "हे बारसं कुणाचं?" हा वाद त्यावरच मिटतो. आणि व्हिडिओसाठी 'एनटीएससी' आणि 'पाल' असे दोन पर्याय असले तर 'पाल' घ्या. कारण पुढं येतंच आहे.

घरातली बैठक

आता मुख्य काम. चकतीवर 'एस' लिहिलेलं असतं, कॅननवर 'टीव्ही'. तिथं आणलं की वेळ आपण ठरवायचा, बाकीचं कॅमेऱ्यानं बघायचं. तो १/१०० वर ठेवा.

१/१०० च का? बोलणारं, हसणारं, मान वळवणारं माणूस एवढ्या वेळात बहुतेक नीट येतं. दुसरं कारण आपल्या विजेचं आहे. आपल्याकडचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, त्यामुळं ट्यूब आणि पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. वेळ फार कमी ठेवला की फोटोवर काळसर पट्टे येतात. १/१०० मध्ये दिव्याचा एक पूर्ण फेरा बसतो आणि पट्टे टळतात. 'पाल' पद्धतही पन्नासाच्याच हिशेबाची आहे, म्हणून व्हिडिओला ती सोयीची. तसंच 'सायलेंट शटर' नावाची आवाज न करणारी सोय अशा दिव्यांखाली वापरू नका, पट्टे येऊ शकतात.

मग आयएसओ 'ऑटो'वर ठेवून त्याला वरची मर्यादा घाला. मी ६४०० ठेवली आहे. ठिपके दिसतात, मान्य. पण पोस्टकार्डाएवढ्या फोटोत ते फारसे जाणवत नाहीत. आणि उजेड अगदीच कमी पडला तर फोटो काळोखा येईल, पण हललेला येणार नाही. काळोखा फोटो नंतर थोडाफार उजळता येतो. हललेला फोटो कुणाला सरळ करता येत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

चेहरा ओळखून फोकस करण्याची सोय असते, ती सुरू ठेवा. नाहीतर कॅमेरा निरांजनाच्या ज्योतीवरच भाळतो.

लेन्स बदलण्याची खरी मजा इथं आहे. कॅमेऱ्याबरोबर येते ती लेन्स साधारण एफ-३.५ ते ५.६ ची असते. जवळची वस्तू लांब, लांबची जवळ करते, पण तिची तोटी लहान. एफ-१.८ ची ५० किंवा ३५ मिलिमीटरची साधी लेन्स घेतली तर ३.५ च्या मानानं पावणेचार पट, आणि ५.६ च्या मानानं जवळजवळ दहापट उजेड आत येतो. तिला झूम नसतं, आपणच चार पावलं मागंपुढं व्हायचं. दुसरी लेन्स घ्यायचीच असली तर ही घ्या. भिशीचा नंबर लागला तेव्हा मी तीच घेतली.

चंद्रकळा आणि पांढरं लुगडं

कॅमेऱ्याला पांढरं-काळं कळत नाही. त्याला सगळंच मधल्या राखाडी रंगाचं करावंसं वाटतं. म्हणून पांढरं लुगडं मळकट येतं आणि संक्रांतीची चंद्रकळा विटल्यासारखी. यावर अधिक-उणे अशी खूण असलेली सोय असते. समोर पांढरं जास्त तर एक घर अधिक, काळं जास्त तर एक घर उणे. सहलीला चांदबीबी महालावर (म्हणजे खरं तर सलाबतखानाच्या कबरीवर) आपण सगळ्यांना कमानीत उभं करतो आणि मागच्या उजळ आभाळापुढं माणसं काळी येतात. तिथंही एक-दीड घर अधिक. आभाळ थोडं पांढरं पडेल, पडू दे. आपण आभाळाचा फोटो काढायला गेलेलो नसतो.

ही सोय मेनूत खोल दडलेली असेल तर ती बाहेरच्या एखाद्या बटणावर आणा. 'एफएन' किंवा 'कस्टम की' नावाची सोय असते, तिथं कुठल्या बटणानं काय करायचं ते आपण ठरवतो. माझ्या अंगठ्याखालच्या बटणावर अधिक-उणे आहे आणि शेजारच्यावर 'व्हाइट बॅलन्स', म्हणजे रंगाचा समतोल. हळदीकुंकवाच्या दिवशी हॉलमध्ये पांढरी ट्यूब आणि स्वयंपाकघरात पिवळा दिवा असला की हळद केशरी आणि कुंकू तपकिरी दिसतं. 'कस्टम' निवडून त्या उजेडात धरलेला पांढरा रुमाल कॅमेऱ्याला दाखवा, रंग जागेवर येतात. औक्षणाला मात्र हे करू नका. तिथं 'डेलाइट' ठेवा, नाहीतर निरांजनाचा सोनेरी उजेडच नाहीसा होतो.

दोनच बटणं बदला बरं का! मी उत्साहात सहा बदलली आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐन नाटकाच्या वेळी कुठलं कशाचं तेच आठवेना.

ही घडी मोडू नये म्हणून

एवढं सगळं लावायचं आणि चिरंजीवांनी क्रिकेटचे फोटो काढताना बदलून ठेवायचं, हे आमच्याकडे दर रविवारी व्हायचं. घरात एकच कॅमेरा आणि हात चार. त्यावर उपाय कॅमेऱ्यातच आहे हे मला सहा महिन्यांनी कळलं.

चकतीवर सी-१, सी-२ अशी घरं असतात. निकॉनवर यू-१, यू-२. सोनीच्या काही कॅमेऱ्यांवर एमआर. सगळं मनासारखं लावून झालं की मेनूत 'मेमरी', 'रजिस्टर' किंवा 'सेव्ह' असा पर्याय शोधा आणि सी-१ निवडा. झालं. आता चकती सी-१ वर आणली की बैठकीतली माझी सगळी मांडणी एका क्षणात हजर. नंतर कुणी काही बदललं, तरी बहुतेक कॅमेऱ्यांत चकती एकदा दुसरीकडे फिरवून परत आणली की आपलीच घडी परत येते.

सी-२ मी चिरंजीवांना दिलं. बाहेरचा उजेड आणि पळणारी माणसं. 'एस'वरच, पण १/५००, फोकस सतत बदलत राहणारा, म्हणजे 'एएफ-सी', आणि बटण दाबून धरलं की एकापाठोपाठ फोटो. शाळेच्या क्रीडादिनाला मीही तेच वापरते. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे. १९८० साली झालं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. तिथं आम्ही दिरांची लांब पल्ल्याची लेन्स मागून नेली होती. लांबच्या लेन्समध्ये हाताचा थोडा कंपही मोठा होतो, म्हणून तिथं १/१००० केलं. उड्या मारणारी माती खुरांखाली स्वच्छ दिसली तेव्हा चिरंजीव पहिल्यांदा म्हणाले, "आई, तुझं बरोबर होतं."

काजव्यांसाठी वेगळं

मेच्या अखेरीला आणि जूनमध्ये पाऊस जोर धरेपर्यंत अकोले तालुक्यात भंडारदरा, रतनवाडी, घाटघर या भागात काजवे फुलतात. संगमनेर, अकोले, राजूर करत आपण तिथं पोचतो आणि पहिलं काम फ्लॅश मारायचं करतो! फ्लॅशनं काजवा येत नाही, झाडाची पानं येतात. आणि तो उजेड काजव्यांच्या जोडीदाराला घातलेल्या हाका असतात, आपल्या बॅटरीनं त्या बुजतात. वनखात्याचे नियम पाळा, दिवे बंद ठेवा.

फोटो काढायचाच तर कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा. चकती 'एम'वर, वेळ १५ ते २० सेकंद, छिद्र होईल तेवढं मोठं, आयएसओ १६००. फोकस अंधार पडण्याआधी झाडावर लावून 'मॅन्युअल' करून टाका. पडद्याचा उजेड अगदी कमी करा. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद करा, नाहीतर वीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी वीस सेकंद अडून बसतो. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. हे वर्षातून एकदाच लागतं, म्हणून मी ते कॅमेऱ्यात न ठेवता वहीत लिहिलं आहे.

धूळ, दमट हवा आणि वही

नगरकडे धुळीची भीती, अकोल्याच्या डोंगरात दमट हवेची. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करा, तोंड खाली धरा, वाऱ्यात उभं राहून बदलू नका. पावसाळ्यात लेन्सच्या आत बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा त्यात ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाची पूड आत जाते.

आणि सगळे आकडे एका कागदावर लिहून त्याच डब्यात ठेवा. कॅमेरा दुरुस्तीला गेला किंवा कुणी 'रीसेट' केला की आतली सगळी मांडणी पुसली जाते. माझा कागद असा :

घरात (सी-१) : एस, १/१००, आयएसओ ऑटो ६४०० पर्यंत, चेहरा ओळख सुरू.
बाहेर, पळापळ (सी-२) : एस, १/५००, आयएसओ ऑटो ३२०० पर्यंत, एएफ-सी, एकापाठोपाठ.
काजवे : एम, १५ ते २० सेकंद, छिद्र मोठ्यात मोठं, १६००, फोकस हातानं.

बायकांचा हात

"एवढं कशाला हवं बायकांना?" असं मला आमच्याच नात्यात विचारलं गेलं. तेव्हा मी होमाई व्यारावाला यांचं नाव सांगितलं. १९१३ साली नवसारीला जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. फोटोग्राफी त्या माणेकशॉंकडून, म्हणजे पुढं ज्यांच्याशी लग्न झालं त्यांच्याकडून शिकल्या, आणि त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशॉंच्या नावानं. भारताच्या पहिल्या वृत्तछायाचित्रकार स्त्री म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्या दिल्लीभर हिंडल्या. ऑगस्ट १९४७ मध्ये लाल किल्ल्यावर झेंडा चढला, तेव्हाही त्या कॅमेरा घेऊन हजर होत्या. त्यांच्या कॅमेऱ्यात ना मेनू ना ऑटो. छिद्र, वेळ, अंतर, सगळं हातानं आणि अंदाजानं. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या. त्यांना जे जमलं त्याच्या शंभरावा हिस्सा आपल्याला बैठकीत जमायला हरकत नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही सगळे श्रीरामपूरला जमलो. तीच बैठक, तीच ट्यूब. मी कॅमेरा सी-१ वर लावून आमच्या अकरा वर्षांच्या लेकीच्या हातात दिला आणि म्हटलं, "तू फक्त बटण दाब. चकतीला हात लावू नकोस." आजवर घरातल्या फोटोंत मी नसायचेच, कारण काढणारी मी. त्या दिवशी मी आईशेजारी जाऊन बसले. भावानं लहानपणची कसलीशी आठवण काढली, आई खळखळून हसली आणि हसता हसता माझ्याकडे वळली. अगदी आण्णांसारखी.

फोटो आला. आईचा दात पडलेला दिसतोय, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या मोजता येतील. छिद्राशेजारच्या लेन्सच्या गणितात न पडता लेकीनं तो काढला आहे. मी माहितीचं बटण दाबून आकडा पाहिला. १/१००.

आईनं फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "माझ्या वेळी हा लावा गं भिंतीवर. आत्ताच सांगून ठेवते."

मी तिला रागावले. पण रात्री डबा आवरताना कागदावरचे आकडे पुन्हा एकदा तपासून ठेवले.